रिकाम्या खड्ड्यातला जांभळा रंग

माझी मावशी वसमत तालुक्यात राहते, तीन एकर हळद असते त्यांची दरवर्षी. फेब्रुवारी-मार्चात हळद काढणं, शिजवणं, वाळू घालणं याच्यात घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. त्याच धांदलीत तिला छातीत गाठ हाताला लागली आणि ती कोणाला बोलली नाही, आणि मला कळलं तेव्हा गणपती बसले होते म्हणजे सहा-सात महिने उलटून गेले होते. एवढे दिवस ती गप्प होती पण औषध चालू होतं बरं का. ओळखीतल्या एका माणसानं डब्या आणून दिल्या होत्या, पिवळ्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ दोन दोन.

डबीवर मराठीत लिहिलेलं, "पेशी पातळीवर सिद्ध". आत एक गुळगुळीत कागद आणि त्यावर दोन फोटो, डाव्या फोटोत पेशींची दाटी आणि उजव्या फोटोत चारदोन सुरकुतलेल्या पेशी, खाली बाण काढून "आधी" आणि "नंतर". आत काय तर हळदीतलं करक्युमिन.

मी रागावलो तर ती म्हणली, "लेकरा, लॅबमधी सिद्ध झालंय म्हणला तो. तू बी लॅबमधीच अस्तोस नं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण तो फोटो खोटा नव्हता, असे फोटो मी स्वतः काढलेत, माझ्या विद्यार्थ्यांनी काढलेत, मराठवाड्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात असे फोटो आहेत. खोटं होतं ते "सिद्ध" हा शब्द. आणि तो शब्द आमच्याकडूनच बाहेर गेलाय असं मला वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो म्हणजे गैरसमज नको. आपल्या झाडपाल्यावर, काढ्यांवर, अगदी रेकी-स्पर्श उपचारावर (हातातली ऊर्जा रुग्णाला देतात म्हणे) सुद्धा प्रयोगशाळेत, पेशींवर काम झालं पाहिजे अशा मताचा मी आहे. ज्या गोष्टी आपली लोकं रोज पोटात घेतात त्या तपासायच्याच नाहीत आणि वरून हसायचं हे मला पटत नाही. पण पेशीवर दिसलेली गोष्ट ही सुरुवात असते. तिला निकाल म्हणून विकलं की माणसं मरतात.

आता पेशींवरचा प्रयोग ज्यात करतात ती प्लेट म्हणजे काय ते सांगतो. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात ९६ खड्डे, प्रत्येक खड्ड्यात काही हजार पेशी. या पेशी बहुतेक वेळा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून येतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी जगभर सगळ्यात जास्त वापरतात ती एमसीएफ-सेव्हन, ती १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेली, ती बाई जाऊन जमाना झाला आणि तिच्या पेशी अजून वाढतायत. ३७ डिग्रीला इनक्युबेटरमधे ठेवायच्या, वरून अर्क टाकायचा, दोनेक दिवसांनी पाहायचं किती जगल्या. त्या पेशींना पोट नाही, यकृत नाही, रक्त नाही, मूत्रपिंड नाही. मिठाचं घट्ट पाणी टाकलं तरी त्या मरतात, स्पिरिट टाकलं तरी मरतात. कॅन्सरची पेशी प्लेटमधे मारणं ही अवघड गोष्टच नाहीये, अवघड आहे ते बाजूच्या चांगल्या पेशीला धक्का न लावता मारणं, आणि ते पण जिवंत माणसाच्या आत.

किती जगल्या हे मोजायला एमटीटी नावाची पिवळी पावडर असते. जिवंत पेशी ती खाते (खाते म्हणजे तिच्यातली एन्झाइमं रंग पालटतात) आणि तिचे जांभळे खडे होतात. जितका गडद जांभळा तितक्या जास्त जिवंत. १९८३ पासून ही पद्धत चालू आहे, स्वस्त आहे, दोन-तीन दिवसात आकडा हातात येतो म्हणून प्रत्येक एमएस्सी-एमफार्मच्या प्रोजेक्टात तीच.

माझा स्वतःचा प्रोजेक्ट भुईआवळ्यावर होता. आमच्या भागात कावीळ झाली की आधी भुईआवळ्याचा रस, मग कोणीतरी नाकात कडू थेंब सोडणारा, मग कोणी हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवणारा, डॉक्टर सगळ्यात शेवटी. मी यकृताच्या पेशी घेतल्या, त्यांना विषारी डोस दिला आणि बरोबर भुईआवळ्याचा अर्क दिला. अर्क दिलेले खड्डे जांभळेगर्द. म्हणजे पेशी वाचल्या! इतका आनंद झाला होता मला की रात्री घरी फोन करून सांगितलं, आपला भुईआवळा खरंच काम करतो.

आठवड्यानी एका सीनिअरनं सहज विचारलं, पेशीच नाहीत अशा खड्ड्यात अर्क टाकून पाहिला का? नव्हता पाहिला. टाकला. सहा खड्डे, एकातही पेशी नाही, फक्त पोषक पाणी, अर्क आणि एमटीटी. तीन-चार तासांनी प्लेट उचलून ट्यूबलाइटखाली धरली तर सहाच्या सहा खड्डे जांभळे. भुईआवळ्यात जी पॉलिफेनॉल नावाची रसायनं असतात ती स्वतःच एमटीटीचा रंग पालटतात, पेशी असो नसो. माझ्या आधीच्या आकड्यातला केवढा भाग यकृत वाचण्याचा आणि केवढा नुसत्या पानाच्या रसाचा हे सांगायची सोयच राहिली नव्हती. माझ्या गाईडना दाखवलं तर ते म्हणले, सबमिशन तोंडावर आलंय, हे राहू द्या. मी राहू दिलं. तो प्रबंध एका लायब्ररीत बाइंडिंग करून ठेवलेला आहे आणि त्यात लिहिलंय की भुईआवळा यकृताच्या पेशींचं रक्षण करतो. ती चूक माझी आहे आणि आजही छपाईत तशीच आहे.

भुईआवळ्याची मोठी गोष्ट तर याहून शिकण्यासारखी आहे. ज्या बारुख ब्लूमबर्गना हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालं, ते स्वतः भुईआवळ्याच्या कामात होते. आधी परीक्षानळीत दिसलं की अर्क विषाणूच्या एका एन्झाइमला अडवतो. मग चेन्नईच्या संशोधकांबरोबर माणसांवर चाचणी घेतली, १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ३७ जणांना भुईआवळा दिला त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, औषध नसलेली पूड दिलेल्या २३ पैकी एकाचीच गेली. केवढी मोठी बातमी! नंतर दुसऱ्या देशांत इतरांनी चाचण्या केल्या तर तसं काही मिळालं नाही. कोणी लबाडी केली असं नाही, छोटी चाचणी होती, पुन्हा करून पाहिली, टिकली नाही. विज्ञान असंच चालतं आणि नोबेलवाल्याला पण सूट नसते. पण आमच्याकडे १९८८ ची बातमी पोचली आणि नंतरच्या बातम्या पोचल्याच नाहीत. आणि गावात होणारी बहुतेक कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते, दूषित पाण्यातून येते आणि बहुतेकांची काही आठवड्यात आपोआप उतरते, त्याचं श्रेय रस पाजणाऱ्याला जातं. गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेततं, आणि तेव्हा नाकात थेंब टाकण्यात घालवलेले चार दिवस कोणी परत आणून देत नाही.

आता मावशीच्या हळदीकडं येतो. आमच्या भागाला हळदीचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. हळदीच्या पेटंटची लढाई पण सगळ्यांना माहीत असते, १९९५ ला अमेरिकेत हळदीनं जखम भरते म्हणून पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ ला ते रद्द झालं. मला शाळेत असताना हे ऐकून अंगावर काटा आला होता. पण तिथं काय सिद्ध झालं हे नीट पाहा. ही माहिती आपल्याकडे आधीपासून होती, हे जुनी पुस्तकं दाखवून सिद्ध झालं. हळदीनं कोणता रोग किती बरा होतो हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. आपण या दोन गोष्टी एक करून टाकल्या.

वाळलेल्या हळदीत साधारण तीन टक्क्यांच्या आसपास करक्युमिन असतं. प्लेटमधे कॅन्सरच्या पेशी मारायला बऱ्याचदा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात किती विरघळलंय ते मोजायचं माप) लागतं. आणि माणसाला रोज ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन खाऊ घातलं तेव्हा रक्तात जास्तीत जास्त पोचलं २ मायक्रोमोलरच्याही आत. ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे रोज पाव किलोहून जास्त हळद खाणं झालं! शरीर त्याला आतड्यात नि यकृतातच मोडून बाहेर टाकतं. त्यात ते स्वतः पिवळं, प्रकाश टाकला की चमकणारं, दिसेल त्या प्रोटीनला चिकटणारं, त्यामुळं रंगावर चालणाऱ्या चाचण्यांना फसवतं, माझ्या भुईआवळ्यानं फसवलं तसंच. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रातल्या काही जणांनी करक्युमिनचा सगळा हिशोब मांडला, तोवर १२० च्या वर माणसांवरच्या चाचण्या झाल्या होत्या, आणि कोणाला खरी गोळी कोणाला खोटी हे रुग्णालाही माहीत नाही नि डॉक्टरलाही नाही अशा पद्धतीची एकही यशस्वी चाचणी त्यांना सापडली नाही.

मिरी घालून घेतली की लागू पडते असं सांगतात. मिरीतल्या पायपरिननं रक्तातलं करक्युमिन २० पट वाढलं हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलंय, खरी गोष्ट आहे. पण जे आत जास्त जातं ते यकृतालाही जास्त भेटतं. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेले १० रुग्ण नोंदवले, काहींच्या गोळ्यांत पायपरिन निघालं. भाजीतल्या हळदीनं असं काही होत नाही, घाबरू नका, तिचा डोस आणि डबीतला डोस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग झाडपाल्यातून काही निघतच नाही का? निघतं की. तुमच्या अंगणात सदाफुली आहे का बघा. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा डायबेटिसला घ्यायचे, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल, चार्ल्स बिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही, उलट उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले. तिथंच सोडून दिलं असतं तर? त्यांनी रक्त पाहिलं, पांढऱ्या पेशी धडाधड कमी झालेल्या. मग डोक्यात आलं की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथं हे वापरता येईल. १९५८ मध्ये विनब्लास्टिन छापून आलं, पाठोपाठ विनक्रिस्टिन, आणि आज लेकरांच्या ब्लड कॅन्सरमधे विनक्रिस्टिन सगळ्या जगात वापरतात. पेशी दोन होताना आत जे दोरे तयार होतात ते हे औषध बांधूच देत नाही. लोकांचा दावा साखरेचा होता आणि निघालं काय! पेशीपर्यंत जाऊन पाहण्याचा फायदा हा असा असतो. आणि म्हणूनच आमच्याकडे शुगरला सदाफुलीची पानं चावून खाणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, त्यातच केमोथेरपीचं औषध आहे, तोलून-मापून शिरेतून द्यायचं.

रेकी, ऊर्जा, स्पंदनं यांचं काय असं लोक विचारतात, आजकाल सेमिनारमधे "पेशींवर ऊर्जेचा परिणाम" अशा स्लाइड पण असतात. अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात डिशमधल्या पेशींवर हात न लावता, नुसता जवळ धरून स्पर्श उपचार केला आणि पेशी जास्त वाढल्या असा पेपर २००८ मध्ये आला होता. मी तो फेकून देत नाही. मी फक्त १९८८ ची फ्रान्समधली गोष्ट आठवतो. जाक बेनवेनिस्त हे नावाजलेले शास्त्रज्ञ होते, त्यांच्या लॅबला दिसलं की अँटिबॉडी इतकी पातळ केली की एक रेणूसुद्धा उरू नये, तरी रक्तातल्या पेशी प्रतिसाद देतात. होमिओपॅथीवाल्यांना सोन्याची खाणच. नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकानं छापलं, पण त्याचे संपादक स्वतः एक जादूगार आणि एक चुका शोधणारा संशोधक घेऊन लॅबमधे येऊन बसले. कोणत्या नळीत काय आहे याची यादी पाकिटात बंद करून छताला चिकटवली. यादी डोळ्यासमोर नव्हती तेव्हा परिणाम गायब झाला. पेशी मोजणारी माणसं प्रामाणिकच होती, पण कुठं काय दिसायला पाहिजे हे माहीत असलं की डोळा तिकडं झुकतो. आणि १९९८ चा एमिली रोझा या अमेरिकन पोरीचा प्रयोग तर शाळेतल्या पोरांनाही करता येईल, तो केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मधे पडदा, पलीकडून स्पर्श उपचार करणाऱ्या २१ जणांनी सांगायचं की पोरीचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे, २८० वेळा विचारलं, ४४ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर जास्त आलं असतं.

गुळवेलीवरून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. कोरोनात आमच्या गल्लीत कडुलिंबावरची एक वेल शिल्लक राहिली नव्हती, घरोघर काढा, मी पण प्यायलो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला सूज आलेले असे नोंदवले. आयुष मंत्रालय म्हणालं अभ्यास दिशाभूल करणारा आहे, ती वनस्पती गुळवेलच होती का हे तपासलंच नाही. दोन्ही बाजूंनी जोरात भांडण झालं. पण अरे, नेमका हाच प्रश्न लॅबमधे सुटण्यासारखा आहे ना? गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, डीएनएवरून ओळखता येतात, यकृताच्या पेशींवर दोन्ही शेजारी शेजारी तपासता येतात. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथंच विद्यापीठ आहे, परभणीला वनस्पती ओळखणारे कृषी विद्यापीठ आहे. हे काम मराठवाड्यात होऊ शकतं. हजारो लोक जे पितात त्यानं इजा होते का हे आधी बघा, गुण येतो का ते नंतर. मला एखाद्या अनोळखी पानानं कॅन्सरच्या पेशी मेल्याचा शंभरावा रिपोर्ट नको आहे.

"आमच्याकडे एवढी साधनं कुठं" हे मला मान्य नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, बीपी लिहीत राहिले, आणि ब्लडप्रेशरसाठी आधीच बाजारात असलेलं प्राझोसिन विंचूदंशात जीव वाचवतं हे त्यांनी जगाला सांगितलं. आणि त्याहून मोठं उदाहरण आपल्या धाराशिवचं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं. खेड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, ५२ गट, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा, आठ वर्षं पाठपुरावा. प्रश्न हा, की गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच तपासणी केली तर मरण कमी होतं का? एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ६४. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि जगभरातली धोरणं त्यावर बदलली. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्यावरून टीकाही झाली आणि मला ती टीका रास्त वाटते, त्या ६४ बायकांचं देणं आपल्यावर आहे. पण "सिद्ध" या शब्दाची किंमत किती असते ते आपल्याच जिल्ह्यातल्या बायांनी जगाला दाखवून दिलंय, आणि त्याच भागात दोन फोटो छापून कोणीही हा शब्द वापरतो.

आयुर्वेद हजारो वर्षांचा आहे, त्याला प्लेट कशाला पाहिजे, असं माझे एक वैद्य मित्र म्हणतात. त्यांचं एक म्हणणं मला पटतं, की काढा, पथ्य, माणसाची प्रकृती हे सगळं एका खड्ड्यात मावत नाही. बरोबर आहे. पण मग खड्ड्यातला फोटो डबीवर छापायला पण आयुर्वेदाला लागू नये. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, "पेशी पातळीवर" म्हणलं की पळवाट मिळते असं विकणाऱ्यांना वाटतं आणि कोणी विचारत नाही म्हणून ती मिळतेही.

मावशीचं ऑपरेशन झालं. गाठ काखेत उतरली होती. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात बऱ्या होण्यासारख्या कॅन्सरमधे नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमधे पाच पटीहून जास्त. हे आकडे मी तिला सांगितले नाहीत. केमोच्या तिसऱ्या डोसला ती मला म्हणली, "मग आपल्या हळदीत काहीच नाही का रे?" मी म्हणलं शंभराहून जास्त चाचण्या झाल्या मावशी, पण डबीवर लिहिलंय तसं कोणाला नीट दाखवता आलं नाही.

आता माझ्याकडं प्रोजेक्टला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी पेशी नसलेल्या खड्ड्यात अर्क टाकायला लावतो, आणि नळ्यांवर नावं न टाकता नंबर टाकायचे, यादी दुसऱ्याच्या कपाटात. मागच्या बॅचला परभणीकडची एक पोरगी होती, तिच्या आजीचं झाड, आजीचाच काढा, फार जीव होता तिचा त्यात. दुपारी प्लेट बाहेर काढली, रिकामे खड्डे जांभळे. बराच वेळ प्लेट हातात धरून उभी राहिली आणि म्हणली, सर मग आता रिपोर्टात काय लिहू. म्हणलं, हेच लिही, फोटोसहित.